पंखा हळू फिरवला तरी वीज तेवढीच लागते का?

‘रेग्युलेटर एकवर ठेवा नाहीतर पाचवर, बिल तेवढेच येणार’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ते निराधार नव्हते, पण आता कालबाह्य झाले आहे. जुन्या घरांत लाकडी बोर्डावर बसवलेला डब्याएवढा काळा रेग्युलेटर ज्यांना आठवतो, त्यांना तो हाताला किती गरम लागे हेही आठवेल. त्यातील रोधाची तार पंख्याला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) कमी करी खरी, पण वाचलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने तिथेच वाया जाई, त्यामुळे बिलात फारसा फरक दिसत नसे. आजच्या स्विचएवढ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये बहुधा कपॅसिटर असतात, जे जवळजवळ काहीही न जाळता दाब उतरवतात, म्हणून पंखा मंदावला की वीजही कमी लागते.

अर्थात खरी बचत पंखा बदलण्यात आहे. साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे 75 वॉट घेतो, तर बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटरवर चालणारा) साधारण 30. रोज बारा तास चालवल्यास महिन्याला सोळा युनिट वाचतात. मात्र बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर जोडू नये, त्याचा वेग रिमोटनेच बदलावा.