पॉवर काइट : दुसऱ्या पतंगाची निवड

पॉवर काइट म्हणजे दोन किंवा अधिक दोऱ्यांनी वळवता येणारा आणि माणसाला ओढून नेण्याइतका जोर असलेला पतंग. त्याच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात, म्हणजे फॉइलमध्ये, कामट्या नसतात. शिवलेल्या कापडी कप्प्यांत समोरून वारा भरतो आणि त्यानेच पंखाला आकार येतो. ही रचना डोमिना जॅल्बर्ट यांनी 1964 मध्ये अमेरिकेत मांडली. पतंगाकडून ओढकाम करून घेण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी 1826 मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. 1990 च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी तीनचाकी बग्गी घडवली आणि डेन्मार्कमधील फॅनोसारख्या रुंद, घट्ट वाळूच्या किनाऱ्यांवर हा खेळ फोफावला.

शिकाऊ पतंग बहुधा दोन दोऱ्यांचा, दीड-दोन मीटर रुंदीचा असतो. काही महिन्यांत तो हाताला हलका वाटू लागतो आणि मोठ्या पतंगाची ओढ लागते. पण कंटाळा आला म्हणजे हात तयार झाला असे नव्हे. पतंग ठरवलेल्या जागी उतरवता येतो का, डोक्यावर स्थिर धरून आजूबाजूला पाहता येते का, आणि झोत आला की विचार करण्याआधीच हात पतंग कडेला नेतात का, ही खरी परीक्षा आहे.

आकार आणि वारा. पतंगाची ओढ क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नवख्यांचा घोळ नेमका इथे होतो. 3 चौरस मीटरवरून 5 वर गेल्यास त्याच वाऱ्यात ओढ सुमारे पावणेदोन पट होते. मात्र ताशी 20 किलोमीटरचा वारा 28 वर गेला, की कोणताही पतंग जवळजवळ दुप्पट ओढतो. यातून एक उपयुक्त ताळा निघतो. ताशी 20 किलोमीटर वाऱ्यात 5 चौरस मीटरचा पतंग साधारण तेवढाच ओढेल, जेवढा 3 चौरस मीटरचा पतंग ताशी 26 किलोमीटरला ओढतो. त्या वाऱ्यात हातातला लहान पतंग सांभाळताना टाचा वाळूत रुतत असतील, तर मोठा घेण्याची वेळ आलेली नाही. हा ताळा एकाच जातीच्या पतंगांपुरता खरा आहे आणि त्यात हालचालीचा हिशेब नाही. पतंग विंड विंडोच्या, म्हणजे उडवणाऱ्यासमोर वाऱ्याच्या दिशेला पतंग फिरू शकतो त्या पट्ट्याच्या, मधून झपाट्याने फिरवला, की त्याला लागणारा वारा प्रत्यक्ष वाऱ्याच्या कितीतरी पट होतो. म्हणूनच डोक्यावर शांत उभा असलेला पतंग खाली मारताच माणसाला उचलून फेकू शकतो.

आपल्या मैदानावर बहुतेक दिवशी किती वारा असतो, हे महिनाभर मोजून मग आकार ठरवणे हाच शहाणपणाचा क्रम आहे. वजनाचाही फरक पडतो. 60 किलोच्या माणसाला फरपटवणाऱ्या पतंगावर 90 किलोचा माणूस निवांत उभा राहतो.

चार दोऱ्या. दुसरा पतंग म्हणून आकाराने थोडाच मोठा, पण चार दोऱ्यांचा फॉइल घेणे बहुतेकांना सर्वांत लाभाचे ठरते. प्रत्येक हँडलच्या वरच्या टोकाला ओढीची दोरी असते, खालच्या टोकाला ब्रेकची. मनगट खाली वळवले, की पतंगाची मागची कड आत दुमडते, वेग मोडतो आणि पतंग मागे सरकत जमिनीवर बसतो. नाकावर आपटलेला पतंगही ब्रेक ओढून उलटा उडवता येतो. त्यासाठी पन्नास पावले चालत जावे लागत नाही. ब्रेकच्या दोऱ्यांना मनगटपट्टे जोडलेले असतात. हँडल सोडून दिले, की ओढ फक्त ब्रेकवर येते आणि पतंग कोसळतो. हे पट्टे नसलेला चार दोऱ्यांचा पतंग घेऊ नये.

डिपॉवर. यात ओढीच्या दोऱ्या बारच्या, म्हणजे हातातल्या आडव्या दांड्याच्या, मधून कमरेला बांधलेल्या पट्ट्याला (हार्नेसला) येतात. बार दूर सारला, की पतंगाचा वाऱ्याशी कोन कमी होऊन ओढ घटते. जवळ घेतला की वाढते. त्यामुळे एकच पतंग बऱ्याच वेगवेगळ्या वाऱ्यांत चालतो. बर्फावर, पाण्यावर किंवा लँडबोर्डवर (चाकांच्या फळीवर) जायचे पक्के असेल, तर दुसराच पतंग डिपॉवर घेणे योग्य. पण इथे माणूस पतंगाला बांधलेला असतो, म्हणून सुटकेची कळ डोळे मिटून सापडेपर्यंत सराव हवा. या कळीसाठी 2020 पासून आयएसओ 21853 हे मानक आहे. हँडलचे पतंग आणि डिपॉवर या दोन्ही जातींच्या आकाराचे आकडे मात्र एकमेकांशी ताडून पाहू नयेत. त्याच वाऱ्यात डिपॉवर पतंग सहसा मोठा लागतो.

पाण्यावर उघड्या तोंडाचे कप्पे भरून जातात, म्हणून तिथे झडपा असलेले बंद कप्प्यांचे फॉइल किंवा हवा भरायच्या नळीचे पतंग वापरतात. यातील दुसऱ्या प्रकाराचे पेटंट फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी 1984 मध्ये घेतले. गोव्यात मोरजीला दिसणारे पतंग बहुतेक याच प्रकारचे. शर्यतीचे लांब, अरुंद पंख दिसायला देखणे असतात. पण तुटक वाऱ्यात ते घडी पडून मिटतात आणि पुन्हा उघडताना एकदम ओढतात. दुसऱ्या पतंगासाठी ते वर्ज्यच मानावेत.

जुना पतंग घेताना. कापड तोंडाला लावून श्वास ओढून पाहावा. सहज हवा आली तर त्याचा लेप गेला आहे. मग कन्नीच्या गाठी आणि शिवणी बोटांनी चाचपाव्यात. संक्रांतीच्या मांजासारखी काच या दोऱ्यांना नसते, तरी ताणलेली डायनिमाची (मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी बोट कापते, म्हणून ती कधी हाताला गुंडाळू नये. शेवटी चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून ताणून पाहाव्यात. ओढीच्या दोऱ्यांवर जास्त भार येत असल्याने त्या वापराने लांबतात. मग ब्रेक कायम थोडे लागलेले राहतात आणि पतंग वर चढता चढता मागे कोसळतो. असा पतंग खराब म्हणून स्वस्तात विकला जातो. अनेकदा ब्रेकच्या दोरीची गाठ एक-दोन ठिकाणे पुढे सरकवली, की तो पुन्हा नीट उडतो.