डोकं कुठे, पाय कुठे? दोघांसाठी कॅम्पर व्हॅन बांधायला देण्याआधी

कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घ्यायला व्हॅन घेऊन येणाऱ्या प्रत्येक जोडीला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: झोपताना तुमचं डोकं कुठल्या बाजूला येणार? बहुतेक जण हसतात, मग एकमेकांकडे बघतात, आणि मग उत्तर येतं, “ते नंतर ठरवू हो, आधी किचनचं बघा.” त्या ‘नंतर’पायी आमचे आणि तुमचेही बरेच दिवस वाया जातात, म्हणून हे पत्रक.

सोलर पॅनेल, लिथियम बॅटरी, फिरती सीट या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत हे आम्ही धरून चालतो. हल्ली आमच्याकडे येणाऱ्यांनी इतके व्हिडिओ पाहिलेले असतात की कधीकधी तेच आम्हाला शिकवून जातात. त्याबद्दल तक्रार नाही. गाडी अडते ती पलंगापाशी.

पलंग फिरवला की काय काय फिरतं

आमच्या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी खिडक्यांसाठी आणि छतावरच्या पंख्यासाठी पत्रा कापायचा आणि कापलेल्या कडांना गंजरोधक रंग द्यायचा. मग इन्सुलेशन (उष्णता-थंडी अडवणारा थर), त्याच्याबरोबर वायरी, वरून पॅनेलिंग (भिंती झाकणारं प्लायचं अस्तर), आणि सगळ्यात शेवटी सुतारकाम. पॅनेलिंग झालं की हमखास फोन येतो: “आमच्या डोक्यात आलं, पलंग आडव्याऐवजी उभा केला तर?” (आडवा म्हणजे गाडीच्या रुंदीत, उभा म्हणजे लांबीत.)

तुमच्या दृष्टीने एक लाकडी सांगाडा फिरवायचा असतो. आमच्या दृष्टीने उशाजवळचे दिवे आता पायाशी येतात. मोबाइल चार्ज करायचा पॉइंट गादीमागे गडप होतो. हीटरचं तोंड थेट कुणाच्या तरी कानावर येतं. पलंगाखाली बॅटरी आणि पाण्याची टाकी धरलेली असते, ती हलवली की जाड केबलची लांबी बदलते. लांबी वाढली की व्होल्टेज पडतं, म्हणजे केबल आणखी जाड घ्यावी लागते. आणि खिडकी? ती आडव्या पलंगावर वारा यावा म्हणून कापलेली असते. आता तिच्यासमोर कपाट उभं राहतं. फळी बदलता येते, वायर पुन्हा ओढता येते. पत्र्याला पडलेलं भोक मात्र सरकवता येत नाही.

काही जण खर्च वाचवायला खिडक्या आधीच दुसरीकडून कापून आणतात. मग आमच्या हातात आखणीला फारसं काही उरत नाही, खिडक्या जे सांगतील ते ऐकायचं. कृपया गाडी कोरी आणा.

माप पत्र्यापासून घेऊ नका

फियाट डुकाटोची मोठी व्हॅन बघू. तिच्या मागच्या भागाची लांबी ३७०५ मिमी, रुंदी १८७० मिमी. भिंती बऱ्यापैकी सरळ असल्यामुळे आडवं झोपायला ती लोकांना आवडते. ग्राहक १८७० वाचतात, स्वतःची उंची आठवतात आणि खूश होतात. पण दोन्ही बाजूंना इन्सुलेशन, पट्ट्या आणि प्लाय मिळून ८० ते ९० मिमी सहज जातात. उरले साधारण १७८०. पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस १७७८ मिमी भरतो. म्हणजे डोकं एका भिंतीला, टाचा दुसऱ्या भिंतीला. शिवाय उताणं झोपल्यावर पावलं पुढे झुकतात, म्हणून उंचीपेक्षा किमान तीन-चार इंच जास्त लागतात, हे टेपवर दिसत नाही.

पलंगाच्या उंचीवर भिंतीला बाहेर काढलेले फुगवटे बसवून काही इंच परत मिळवता येतात. आम्ही ते काम करतो, चांगलं होतं. पण तो निर्णय पत्रा कापायच्या आधीचा आहे.

उभ्या पलंगात उंच माणसाची सोय होते, पण लांबीतले १९०० मिमी जातात आणि किचन, बसायची जागा, कपाट सगळं उरलेल्या १८०० मध्ये कोंबावं लागतं. आडव्याला १३५० पुरतात. फरक जवळपास पावणेदोन फुटांचा, म्हणजे एक अख्खा ओटा. म्हणून दोघांपैकी उंच माणूस किती उंच, यावर तुमचं स्वयंपाकघर ठरतं. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं.

सायकली की ताठ बसणं

पलंगाखाली सायकली राहतील एवढी जागा हवी, ही मागणी फार येते. पुढचं चाक काढून सायकल ठेवायची तरी ९०० मिमीच्या आसपास उंची लागते. गाडीची आतली उंची १९३२ धरा. फरशीचे आणि छताचे थर गेले की सुमारे १८६० उरते. त्यातून पलंगाखालचे ९०० आणि पाटासकट गादीचे १२० वजा केले की डोक्यावर राहतात ८४० मिमी. ताठ बसलेल्या मोठ्या माणसाला बसल्या जागेपासून टाळूपर्यंत ९०० मिमी किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. अशा पलंगावर सकाळी उठून पुस्तक वाचता येणार नाही, कुशीवर वळून खाली उतरावं लागेल. काहींना ते चालतं. ज्यांना चालत नाही, त्यांनी सायकली मागच्या दारावरच्या रॅकवर लावाव्यात. दोन्ही हवं म्हणणाऱ्यांशी आमचा वाद होतो, आणि तो वाद आम्ही कागदावरच घालून घेतो.

आतला माणूस आणि बाहेरचा माणूस

आडव्या पलंगावर चढायची बाजू एकच असते. मागच्या दाराकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. ज्याला रात्री उठावं लागतं किंवा जो पहाटे उठतो, तो बाहेरच्या बाजूला. हे दोघांनी घरीच ठरवून यावं, आमच्यासमोर नको. मागच्या खेपेला एकमेकांच्या घोरण्याचा हिशेब आमच्या टेबलावर निघाला होता.

झोपायच्या वेळा वेगळ्या असतील तर दोन्ही भिंतींना एकेक उभा एकेरी पलंग आणि मध्ये वाट हा पर्याय लोक उगाच डावलतात. मधल्या फटीत बसणारी फळी आणि गादीचा तुकडा दिला की त्याचाच दुहेरी पलंग होतो. दोघांना आपापली उतरायची बाजू मिळते आणि दिवसा समोरासमोर बसता येतं.

घडीच्या पलंगाला आम्ही नावं ठेवत नाही. १९५१ साली वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या बससाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला, तेव्हा दिवसा गाडी आणि रात्री झोपायची खोली हीच कल्पना होती. शनिवार-रविवार बाहेर पडणाऱ्यांना आणि लहान गाडीला घडीचाच पलंग योग्य. पण महिना-महिना राहायचं असेल तर एक गोष्ट बघा. टेबल खाली गेल्याशिवाय पलंग होत नाही, म्हणजे एकाला झोप आली की दुसऱ्याचं कामही संपलं.

चिकटपट्टीची तालीम

आमच्याकडे आखणी करायला देण्याआधी घरच्या मोकळ्या जमिनीवर गाडीचं आतलं माप चिकटपट्टीने आखा. पत्र्याचं नव्हे, थर वजा केलेलं माप. चाकांवरचे उंचवटे विसरू नका. डुकाटोत त्यांच्यामधलं अंतर जेमतेम १४२२ मिमी आहे. ओटा, फ्रिज, पलंग यांच्या जागी खोकी रचा, साधारण खऱ्या उंचीची. मग दोघांनी आत शिरा.

एक जण ओट्यापाशी उभा राहून काम करतोय, दुसऱ्याला कपडे बदलायचेत. वाट ५०० ते ५५० मिमीची. दोन माणसं तिथून एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, मग दुसऱ्याने कुठे जायचं? त्याला पलंगावर किंवा सीटवर बाजूला होता आलं तर आखणी चालेल. दर वेळी ओट्यापाशी उभ्या असलेल्याला हलावं लागत असेल तर नाही चालणार. मग फ्रिजचं दार उघडून बघा: उघडलेलं दार वाट अडवतं का, गादीच्या कडेला आपटतं का? सरकत्या दाराशी ओले बूट कुठे ठेवणार, टपटपणारे जॅकेट कुठे लटकवणार? पाऊस पडत असताना दोघं चार तास आत कुठे बसणार? एक झोपलाय आणि दुसऱ्याला लॅपटॉपवर काम करायचंय, तर दिव्याचा उजेड कुणाच्या डोळ्यांवर येतो?

मोबाइलवरच्या त्रिमिती चित्रात हे कळत नाही, कारण चित्रातल्या माणसाला गुडघे नसतात. शक्य असेल तर त्या पट्टीच्या आत एक संध्याकाळ काढा, रात्री तिथेच झोपा. निम्म्या जोड्या दुसऱ्या दिवशी स्वतःच पलंग फिरवतात, आणि त्या वेळी तो फुकट फिरतो.

बाकीचं थोडक्यात

पाणी लिटरला एक किलो. शंभर लिटरची टाकी, बॅटरी आणि फ्रिज तिन्ही एकाच बाजूला आले तर गाडी त्या बाजूला बसते. कागदपत्रांवर लिहिलेलं कमाल वजन आम्ही ओलांडू देत नाही, त्यावर घासाघीस नको.

१०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १.२८ युनिट वीज. कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास खातो. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे अँपिअरच्या वर ओढते. त्यामुळे इंडक्शन हवी असेल तर बॅटरी, इन्व्हर्टर आणि केबल सगळंच वाढतं, आणि त्याची जागा पलंगाखालूनच जाते. गॅस घेतलात तर सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आम्ही बसवतोच, तुम्ही मागा किंवा मागू नका.

गादी थेट फळीवर टाकू नका. रात्री बंद गाडीत दोघांच्या श्वासाची वाफ थंड जागा शोधते आणि गादीच्या पोटाशी पाणी धरते. कोपरा उचलून बघितला की काळे ठिपके दिसतात. आम्ही गादीखाली फटी असलेले पाट देतो आणि छतावर पंखा. कुणी पैसे वाचवायला पंखा नको म्हटलं तर एकदा समजावतो, पुन्हा नाही.

आमच्याकडून काय, तुमच्याकडून काय

पलंगाच्या आखणीवर दोघांच्याही सह्या झाल्याशिवाय आम्ही पत्र्याला करवत लावत नाही. काहींना हा अडेलपणा वाटतो. सही झाल्यावर मात्र काम मध्ये थांबत नाही आणि दिलेली तारीख पाळली जाते. सहीनंतर पलंग हलवायचा झाला तर काढण्या-घालण्याची मजुरी वेगळी लागेल.

पहिल्या भेटीला दोघांनीही यायचं आहे. दोघांची उंची, झोपायची सवय, सोबत नेण्याच्या सगळ्यात मोठ्या तीन वस्तू आणि चिकटपट्टीच्या आखणीचे फोटो आणा. आखणीची फी पुढे कामाच्या बिलातून वजा होते. काम आमच्याकडे दिलं नाहीत तरी नकाशा तुमचाच. चिकटपट्टीचं एक रीळ आणि ठरावीक गाड्यांची थर वजा केलेली मापं आमच्याकडून न्या, त्याचे पैसे नाहीत.