नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि चार पेन्सिल सेल

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो की एक गाडी हमखास भेटते. सनबोर्डचा सांगाडा, दोन पिवळ्या बीओ मोटरी (खेळण्यातल्या गाड्यांच्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरी) आणि वर डबल टेपने चिकटवलेली चौकोनी बॅटरी. हातात उचलून धरली की चाकं मजेत फिरतात. जमिनीवर ठेवली की गुरगुरते आणि जागीच बसते. मग पोरं चाकांना तेल घालतात, वायरी पुन्हा डागतात, नवी मोटर आणतात. बॅटरीवर संशय कुणीच घेत नाही. का, तर 'सर, ती नऊ व्होल्टची आहे. पेन्सिल सेल चार लावले तरी सहाच होतात!'

आकार, वजन, किंमत यांतले फरक दुकानात उभं राहूनच कळतात, त्यांत वेळ घालवत नाही. चौकोनी बॅटरी फोडून पाहिली (घरी फोडू नका) तर आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकामागे एक जोडलेले निघतात. सहा गुणिले दीड, नऊ. म्हणजे आतला प्रत्येक सेल पेन्सिल सेलपेक्षा कितीतरी लहान. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

बॅटरीवर छापलेला व्होल्टचा आकडा ती किती जोराने ढकलू शकते ते सांगतो. किती करंट सोडू शकते हे त्यावरून कळत नाही. ते ठरतं बॅटरीच्या स्वतःच्या अंतर्गत रोधावर, म्हणजे तिच्या आतच करंटला होणाऱ्या अडथळ्यावर. सेल लहान, की हा अडथळा मोठा. बारावीच्या पुस्तकात हा शब्द आहे, गणितंही आहेत. पण तो रोध हातातल्या बॅटरीत खरोखर बसलेला असतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. सहाव्या मजल्यावर पाण्याची टाकी आहे, पण खाली येणारी नळी सलाइनची आहे असं समजा. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं तर दाब सहा मजल्यांचा. बोट काढलं की बादली भरायला दुपार.

आता आकडे. रस्त्यावर मिळणारी स्वस्त चौकोनी बॅटरी झिंक-कार्बनची असते. तिचा अंतर्गत रोध ३० ओहम धरू. चार अल्कलाइन पेन्सिल सेलचा मिळून नवेपणी १ ओहमच्या आतच, ०.८ धरू. बीओ मोटर ६ व्होल्टला अडवून धरली तर साधारण १ अँपिअर खाते. गाडी सुटतानाही मोटर थांबलेलीच असते, त्यामुळे त्या क्षणी ती ६ ओहमच्या रोधासारखी वागते. दोन मोटरी समांतर, म्हणजे ३ ओहम.

चौकोनी बॅटरी: ९ भागिले ३३, म्हणजे ०.२७ अँपिअर. मोटरींच्या वाट्याला येतात ०.८ व्होल्ट. उरलेले आठ-सव्वाआठ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच जिरतात.

चार पेन्सिल सेल: ६ भागिले ३.८, म्हणजे जवळजवळ १.६ अँपिअर. मोटरींना मिळतात ४.७ व्होल्ट.

नऊवाली हरली. आणि थोडक्यात नाही, सहापट.

यावर पोरांचा तोडगा म्हणजे आणखी एक चौकोनी बॅटरी तिच्यापुढे जोडायची. १८ व्होल्ट! पण व्होल्टेजबरोबर रोधही दुप्पट झाला. १८ भागिले ६३, ०.२९ अँपिअर. बॅटरीचे पैसे गेले आणि गाडी तिथेच.

सगळ्यात जास्त फसवतो तो मल्टिमीटर. पोरगा बॅटरीला दोन टोकं लावतो, ९.२ दिसतं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतो. अरे बाबा, मीटर ओढतो जेमतेम काही मायक्रोअँपिअर. तू नळीवर बोट ठेवून दाब मोजतोयस! मोजायचं तर गाडी जमिनीवर, स्विच चालू, चाक हाताने क्षणभर अडवलेलं, आणि मीटर बॅटरीच्या टोकांवर. आकडा कोसळताना एकदा दिसला की पुढचं भाषण लागत नाही.

अल्कलाइन चौकोनी बॅटरी घेतली तर? तिचा रोध नवी असताना दोनेक ओहम, त्यामुळे गाडी पळते खरी. पण साठा जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास, आणि मोटरीसारखा भार पडला की तेवढाही हाती लागत नाही. सरावातच ती संपते आणि परीक्षकापुढे गाडी लंगडते.

माझी पसंती विचाराल तर चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड पेन्सिल सेल. 'पण ते १.२ व्होल्टचेच असतात' ही तक्रार मला तोंडपाठ आहे. अल्कलाइन सेल दीडपासून सुरू होतो आणि वापरू तसा घसरत जातो. हा बराच वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो. अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्यालाही मी हेच सांगितलं. तिथल्या सायन्स ऑलिम्पियाड स्पर्धेत काही वर्षी 'इलेक्ट्रिक व्हेइकल' नावाचा प्रकार असतो. त्यात नुसतं पळून भागत नाही, ठरवून दिलेल्या अंतरावर गाडी नेमकी थांबवावी लागते. व्होल्टेज दर फेरीला घसरत असेल तर 'इतके सेकंद मोटर चालव' हा हिशेब कोलमडतो. चाकाचे फेरे मोजून मोटर बंद केली तरी वेग बदलल्यामुळे गाडी पुढे कमीजास्त घरंगळते. अशा गाडीला एकसारखी ताकद हवी. कमी असली तरी चालेल.

जाता जाता एक राग काढून घेतो. तो लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर, म्हणजे बॅटरी आणि मोटरीच्या मध्ये बसून मोटर चालू-बंद करणारी पट्टी. स्वस्त आहे, प्रत्येक किटमध्ये येतो आणि मधल्यामधे दोनेक व्होल्ट गिळतो. चार चार्जेबल सेलचे ४.८ व्होल्ट, त्यातून हे दोन गेले की मोटरीला राहतं काय? एक तर सहा सेल लावा, नाहीतर टीबी६६१२ सारखा, कमी व्होल्ट गिळणारा मॉस्फेटवाला ड्रायव्हर घ्या. लिथियमच्या १८६५० सेलबद्दल एवढंच, की शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो, म्हणून शाळेच्या पोरांच्या हाती मी देत नाही. आणि ज्यावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलंय तो विकत घेऊ नका. त्या आकाराच्या सेलमध्ये त्याच्या निम्माही साठा मावत नाही.

चौकोनी बॅटरी टाकाऊ आहे असं मात्र नाही. धुराचा अलार्म, गिटारचा प्रीअँप, जिथे थोडासाच करंट महिनोन् महिने लागतो तिथे ती चोख काम करते. पोरगा जो पिवळा मल्टिमीटर घेऊन मला ९.२ दाखवायला येतो, त्याच्या पोटातही तीच असते.