ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम घेताना : कोणती आवृत्ती आणि का

२२ जुलै २०२५ ला ‘ब्लॅक सॅबाथ’ या इंग्लिश हेवी मेटल बँडचे गायक ऑझी ऑसबोर्न गेले. त्याच्या सतराच दिवस आधी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबाथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले होते. तेव्हापासून सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या रेकॉर्डच्या दुकानात एक मागणी वरचेवर होते : ‘सॅबाथचा पहिला द्या.’ आम्ही विचारतो, कोणता पहिला? गिऱ्हाईक गोंधळते. त्यात त्याची चूक नाही, कारण या एकाच अल्बमच्या पंचावन्न वर्षांत इतक्या आवृत्त्या निघाल्या आहेत की दोघा मित्रांनी घेतलेल्या रेकॉर्डवरची गाणीसुद्धा सारखी असतील याची खात्री नाही. पैसे मोजण्याआधी काय पाहायचे ते प्रत्येकाला नीट कळावे, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी मूळ ध्वनिमुद्रणाबद्दल, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

१६ ऑक्टोबर १९६९. लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बास), बिल वॉर्ड (ड्रम) आणि गायक ऑझी हे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले चार तरुण. निर्माता रॉजर बेन. टेपवर जेमतेम चार ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळा टिपायचे चारच पट्टे, आणि हाताशी एक दिवस. त्यामुळे गाणी तुकड्यातुकड्यांनी जोडायला वेळच नव्हता. कार्यक्रमात वाजवायचे तसे सगळे एकदम वाजवले आणि ते टेपवर उतरवले. नंतर काही ठिकाणी गिटारचा दुसरा थर चढवला, आणि सुरुवातीला पाऊस, मेघगर्जना आणि घंटा जोडली. बाकी त्या दिवशी जे वाजले तेच तुमच्या हातात येते. आमच्या मते या अल्बमचा जीव त्यातच आहे. ड्रम किंचित पुढे पळतो, गिटार त्याला गाठते, कुठे एखादा सूर घासून जातो. हे दोष नव्हेत, चार माणसे एका खोलीत वाजवत असल्याची ती खूण आहे.

पहिल्या गाण्याचा मुख्य तुकडा तीनच सुरांचा आहे : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. हार्मोनियमवर वाजवून पाहा, लगेच ओळखू येईल. आपल्याला तीव्र मध्यम यमनमधून इतका सवयीचा आहे की त्यात भीतीदायक काही वाटत नाही. पण युरोपच्या जुन्या संगीतशास्त्राने षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले हे अंतर कर्कश ठरवले आणि त्याला थेट सैतानाचे नाव दिले. यमनमध्ये त्या मध्यमाला पंचम, गंधार, निषाद यांची सोबत असते. इथे तो एकटा, संथ लयीत, प्रचंड आवाजात येतो आणि तसाच लोंबकळत राहतो. सूर तोच, पण सोबत काढून घेतली की काय होते ते इथे ऐकू येते.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना सांगायलाच हवी. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, त्यांवर चामडे चिकटवले, आणि दाबायला सोप्या म्हणून हलक्या तारा लावल्या. मागाच्या नाहीतर गिरणीच्या यंत्रात बोट गेलेला माणूस आपल्याकडे साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत जवळपास प्रत्येकाच्या नात्यात किंवा शेजारात आहे. म्हणून ही हकिकत आम्ही गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि ती ऐकल्यावर माणूस ते वादन वेगळ्या कानाने ऐकतो.

आता आवृत्त्यांकडे येऊ.

अल्बम इंग्लंडमध्ये १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, व्हर्टिगो कंपनीने काढला. त्या मूळ रेकॉर्डच्या लेबलवर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा भोवरा आहे, फिरताना पाहिला तर डोळे गरगरतात. ही मूळ प्रत आमच्याकडे विक्रीला नाही. कोणी ती स्वस्तात देऊ करत असेल, तर घेण्याआधी आम्हाला दाखवा.

अमेरिकेत हाच अल्बम वॉर्नर ब्रदर्सने त्याच वर्षीच्या जूनमध्ये काढला आणि इथूनच घोळ सुरू झाला. इंग्लंडच्या प्रतीत दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे ‘ईव्हिल वुमन’ आहे. ते बँडचे स्वतःचे नाही, ‘क्रो’ नावाच्या अमेरिकन बँडचे आहे. अमेरिकेच्या प्रतीत ते काढून त्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ घातले. शिवाय तिथल्या कव्हरवर काही गाणी एकत्र करून, मधल्या वाद्यतुकड्यांना वेगळी नावे देऊन छापली. म्हणून इंग्लंडच्या यादीत सात नावे दिसतात आणि अमेरिकेच्या यादीत पाचच ओळी. मागे एक गिऱ्हाईक दोन गाणी कमी आली म्हणून सीडी परत घेऊन आले होते. गाणी कमी नव्हती, लांबलचक नावांच्या एका ओळीत दोन-तीन बसवलेली होती. ‘ईव्हिल वुमन’ मात्र खरोखरच नव्हते, आणि त्यांना नेमके तेच हवे होते. आम्ही प्रत बदलून दिली. तेव्हापासून विकण्याआधी यादी मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत ठेवली आहे.

नंतरच्या काही आवृत्त्यांत दोन्ही गाणी मिळतात. २००९ साली सँक्चुअरी कंपनीने काढलेल्या दोन सीडींच्या संचात पहिल्या सीडीवर मूळ अल्बम आहे. दुसऱ्या सीडीवर ‘विकेड वर्ल्ड’ आणि त्याच गाण्यांची बाजूला ठेवलेली ध्वनिमुद्रणे आहेत, त्यांतली काही गायनाशिवाय. गिटार किंवा बास शिकणाऱ्या मुलांना आम्ही हाच संच सुचवतो. ऑझींचा आवाज नसला की बटलरची बोटे काय करतात ते स्वच्छ कळते.

‘रीमास्टर’ या शब्दाने सगळ्यात जास्त फसायला होते. त्यासाठी आपल्या चादरीचे उदाहरण घेऊ. नक्षी मागावरच्या जकार्ड यंत्राच्या छिद्रे पाडलेल्या कार्डांत असते. तीच कार्डे लावून आज पुन्हा चादर विणली तर नक्षी तीच येते, पण सूत, रंग आणि वीण आजची असते. रीमास्टर म्हणजे तसेच. मूळ टेप तीच. तिच्यातले खालचे-वरचे स्वर किती ठेवायचे, एकूण आवाज किती चढवायचा, हे नव्याने ठरवलेले असते. कोणी नवे वाजवलेले नसते आणि वाद्ये वेगळी काढून पुन्हा मांडलेलीही नसतात. तसे केले तर त्याला रीमिक्स म्हणतात, आणि ती वेगळीच गोष्ट झाली.

हे करताना आवाज चढवण्याचा मोह फार होतो. सीडीला वरची मर्यादा असते. ती ओलांडता येत नाही म्हणून हळू जागा उचलून मोठ्या जागांच्या बरोबरीला आणतात. मग सगळेच मोठे ऐकू येते, आणि पहिल्या पाच मिनिटांत छान वाटते. या अल्बमला मात्र ते मारक आहे. सुरुवातीचा पाऊस खरोखर हळू असला पाहिजे, घंटा लांबून आली पाहिजे, म्हणजे गिटार पडते तेव्हा छातीत धस्स होते. पाऊस आणि गिटार सारख्याच आवाजात आले तर ती जागा गेली. म्हणून आमच्याकडे दुकानात बसून पहिले गाणे ऐकून घ्या, त्याचे पैसे लागत नाहीत. पाऊस ऐकताना आवाजाची कळ जिथे ठेवाल तिथेच राहू द्या. गिटार आल्यावर तुम्ही दचकलात तर प्रत चांगली आहे.

जाड, १८० ग्रॅमची रेकॉर्ड म्हणजे चांगला आवाज, असे नाही. जाड रेकॉर्ड हाताला भक्कम लागते, एवढे खरे. आवाज ठरतो तो खाच कोणत्या टेपवरून कापली आणि रेकॉर्ड साच्यात कशी दाबली त्यावर. लेबलभोवतीच्या मोकळ्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक पाहा. कोणत्या कारखान्याची, कोणत्या साच्याची प्रत आहे याचा माग त्यावरून काढता येतो. कव्हरवरून तो लागत नाही, कारण कव्हर कोणीही हुबेहूब छापतो.

कव्हरही मात्र पाहण्यासारखे आहे. काळ्या कपड्यांतली ती बाई उभी आहे ती ऑक्सफर्डशायरमधल्या मेपलडरहॅमच्या पाणचक्कीसमोर. छायाचित्र कीथ मॅकमिलन यांचे. मूळ कव्हर पुस्तकासारखे उघडते, आत उलटा क्रूस आणि त्यात कविता आहे. ती बँडला न विचारताच कंपनीने छापली होती. स्वस्त आवृत्त्यांत हे उघडणारे कव्हर नसते. हवे असेल तर आधी सांगा.

आता घरी नेल्यावर. शेवटचे गाणे ‘वॉर्निंग’ दहा मिनिटांहून लांब आहे आणि ते रेकॉर्डच्या आतल्या भागात येते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच क्षणाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. म्हणून झिजलेली किंवा वाकडी बसवलेली सुई नेमकी तिथे फरफरते, आणि लोक रेकॉर्ड खराब आहे म्हणून घेऊन येतात. आधी सुई तपासा. पेटीवजा स्वस्त प्लेअरमध्ये सुईचा दाब बहुधा जास्त असतो. चांगल्या प्लेअरला दीड ते अडीच ग्रॅम पुरतो. आमच्याकडे दाब मोजायचा छोटा काटा आहे, प्लेअर घेऊन या.

पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी सुई रोज पाहावी. सुताचे बारीक तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि आवाज बसतो. मऊ ब्रशने मागून पुढे झाडा, बोटाने नको. रेकॉर्ड धुवायला बोअरचे पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षार खाचेत राहतात आणि कायमची चरचर लागते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी स्वस्त मिळते, तेच घ्या.

सगळ्यात मोठी धोक्याची गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना बंद गाडीतली उष्णता ६० च्या पुढे जाऊ शकते, आणि एवढ्यात रेकॉर्ड वाकायला लागते. दुकानातून घेतलेली रेकॉर्ड गाडीत ठेवून पार्क चौकात भजी खायला थांबलात, तर घरी बशी घेऊन जाल. वाकलेली रेकॉर्ड पुन्हा सरळ करून देतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आम्हीही ते करत नाही. घरात पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नका, आणि एकावर एक न रचता उभ्या ठेवा. एप्रिल-मे मध्ये रेकॉर्ड घ्यायची असेल तर सकाळी दहाला या. तेव्हा आम्ही ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्माकोलच्या खोक्यात घालून देतो, खोके नंतर परत आणून द्या.

मागणीप्रमाणे आवृत्ती मागवून देतो. मागवताना इंग्लंडची यादी हवी की अमेरिकेची, ‘ईव्हिल वुमन’ हवे की ‘विकेड वर्ल्ड’ की दोन्ही, आणि उघडणारे कव्हर हवे का, एवढे लिहून द्या. सोमवारी दुकान बंद असते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवसही बंद.