सिलिकॉन नॅनोकण : पृष्ठरसायन आणि प्रकाश उत्सर्जन

काही नॅनोमीटर व्यासाच्या सिलिकॉन कणांवर अतिनील किरण पडले की ते दृश्य प्रकाश देतात. या प्रकाशाचा रंग, तीव्रता आणि तो विझायला लागणारा वेळ हे कणाच्या आकारमानाइतकेच त्याच्या पृष्ठभागाला कोणते अणू जोडलेले आहेत यावरही ठरते.

सिलिकॉनच्या मोठ्या स्फटिकाचे ऊर्जा-अंतर, म्हणजे बंधातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ते अप्रत्यक्ष स्वरूपाचे असते, म्हणजे इलेक्ट्रॉन परत खाली येताना नुसता प्रकाश देऊन येऊ शकत नाही, त्यामुळे तो प्रकाश जवळजवळ देतच नाही. १९९० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ली कॅनहॅम यांनी सच्छिद्र सिलिकॉनमधून, म्हणजे छिद्रे कोरून नॅनोमीटर आकाराचे भाग उरलेल्या सिलिकॉनमधून, लालसर प्रकाश मिळवला. कण लहान झाला की इलेक्ट्रॉन व विवर (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) कोंडले जाऊन ऊर्जा-अंतर वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. ते बरोबर आहे, पण अपुरे. दोन नॅनोमीटरच्या कणात जेमतेम दोनशे अणू असतात आणि त्यांतले जवळजवळ निम्मे पृष्ठभागावरच असतात. मग पृष्ठभाग गौण कसा राहील?

सर्वांत घातक म्हणजे सुटे बंध, म्हणजे जोडीदार न मिळालेले सिलिकॉनचे बंध. असा एकच बंधही इलेक्ट्रॉनाला पकडून त्याची ऊर्जा उष्णतेत घालवतो आणि कण अंधारा राहतो. हायड्रोफ्लुओरिक अम्लाने कोरल्यास हे बंध हायड्रोजनने भरले जातात, मात्र तो थर हवेत टिकत नाही.

ऑक्सिजनचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा. सच्छिद्र सिलिकॉन आर्गॉन या निष्क्रिय वायूत ठेवल्यास कणांच्या आकारानुसार निळा-हिरवा प्रकाशही मिळतो, हवेत आणताच तो लालकडे सरकतो. १९९९ मध्ये याचे कारण सिलिकॉन-ऑक्सिजन दुहेरी बंध असावेत असे मांडले गेले. तीन नॅनोमीटरपेक्षा लहान कणांत हे बंध ऊर्जा-अंतराच्या आत नवी पातळी तयार करतात. मग कण आणखी लहान केला तरी रंग फारसा बदलत नाही. दुहेरी बंधाची ही कल्पना मात्र सर्वमान्य नाही.

निळ्या प्रकाशाबाबत सावध राहिलेले बरे. लाल प्रकाश मायक्रोसेकंदांत विझतो, तर द्रावणात बनवलेल्या अनेक कणांचा निळा प्रकाश नॅनोसेकंदांत. अत्यल्प नायट्रोजन व ऑक्सिजन मिळून पृष्ठभागावर अशी निळी केंद्रे तयार करतात, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे केवळ निळा रंग पाहून कण अतिसूक्ष्म आहे असे म्हणता येत नाही.

हायड्रोजनयुक्त पृष्ठभागावर अल्कीन (दुहेरी बंध असलेले कार्बनी रेणू) जोडून सिलिकॉन-कार्बन बंध तयार केले, तर कण बराच काळ टिकतो. प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) बनवून अशा सेंद्रिय साखळ्यांनी झाकलेल्या कणांची क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांच्या तुलनेत बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांचे प्रमाण, ६० टक्क्यांहून अधिक आढळली आहे. तरीही साखळ्या जागेअभावी प्रत्येक पृष्ठीय अणूपर्यंत पोहोचत नाहीत. उरलेल्या हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन हळूहळू शिरकाव करतो.