एमडीसीचा विषार रक्तात कसा सापडतो

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पेंटच्या कामावर असलेल्याला एमडीसी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, जुना रंग उतरवायचं ते पाण्यासारखं दिसणारं, गोडसर वासाचं लिक्विड. पूर्ण नाव मिथिलीन डायक्लोराइड, म्हणजेच मिथिलीन क्लोराइड. 40 डिग्रीला उकळतं, म्हणजे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये डबा उघडला की वाफच वाफ, आणि ही वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळं टाकीच्या तळाशी साठते आणि आत वाकून घासणारा माणूस नेमका तिथलीच हवा ओढत असतो. भूल दिल्यासारखा मेंदू बंद पडत जातो, मग श्वास थांबतो. अमेरिकेत 2000 ते 2011 मध्ये बाथटबचा रंग काढताना असे 13 कामगार गेले.

पोस्टमॉर्टेमला नुसत्या डोळ्यांना यातलं फारसं काही दिसत नाही, सगळी भिस्त सॅम्पलवर, आणि इथंच घोळ होतो. रक्त बाटलीत काठोकाठ भरून गार ठेवावं लागतं, वर रिकामी जागा राहिली तर एमडीसी तिथल्या हवेत जातं आणि झाकण उघडलं की उडून जातं. साधं रबरी बूचसुद्धा ते शोषून घेतं. फुप्फुसाचा तुकडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर वाफ हळूहळू पिशवीतनं बाहेर पडते. त्यामुळं रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही असं आलं म्हणून विष नव्हतंच असं धरू नका, सॅम्पल कशात ठेवलं होतं, किती दिवसांनी तपासलं, हे आधी विचारा. लॅबमध्ये रक्त बंद कुपीत गरम करतात आणि वर जमलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रात सोडतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. शरीरात गेलेल्या एमडीसीतला काही भाग लिव्हर मोडतं आणि त्यातनं कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे 1972 मध्ये कळलं. म्हणजे कुठं आग नाही, धूर नाही, तरी रक्तात शेगडीचा विषार! पण त्याला वेळ लागतो. टाकीतच काही मिनिटांत गेलेल्या माणसाच्या रक्तात एमडीसी भरपूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी सापडू शकतो, काही तास जगलेल्याच्या रक्तात तो वाढलेला असतो, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले की माणूस किती वेळ झुंजला याचा अंदाज येतो.

जिवंत बाहेर काढलेल्याचंही तेच, चरबीत मुरलेलं एमडीसी मोकळ्या हवेत आल्यावरही कित्येक तास कार्बन मोनॉक्साइड बनवत राहतं. कॅज्युअल्टीत नेताना डब्यावरचं नाव सोबतच्यांनी सांगायलाच पाहिजे, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्या वेळी 98 सुद्धा दाखवेल, त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन कुठलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं कुठलं हे ओळखता येत नाही.