सरासरी आयुष्य म्हणजे हमी नव्हे

सोलापुरात यंत्रमागवाल्यांच्या बोलण्यात एक समज पक्का बसलाय: धोट्याचं (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचं) सरासरी आयुष्य १,००० तास सांगितलं, म्हणजे प्रत्येक धोटा तेवढा चालणारच, आधी गेला तर माल डुप्लिकेट. हे चूक आहे.

झिजून जाणाऱ्या वस्तूंचं आयुष्य बऱ्याचदा सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरतं. यालाच प्रसामान्य वितरण म्हणतात. तसं असेल तर निम्मे धोटे १,००० तासांआधीच जाणार, आणि त्यात फसवणूक काहीच नाही. विचारायला हवं ते प्रमाण विचलन, म्हणजे आयुष्यं सरासरीपासून साधारण किती पसरलेली आहेत त्याचं माप. समजा, ते १०० तास आहे. धोटा ८५० तासांच्या आत जाण्याची शक्यता किती? ८५० वजा १,०००, भागिले १००: उणे १.५. प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यात त्यासमोर ०.०६६८, म्हणजे शंभरात साधारण ७. टॉवेलची ऑर्डर अंगावर असताना सुटे धोटे किती ठेवायचे, ते या सातावरून ठरवा. विचलन २०० असेल, तर सरासरी तीच राहूनही सातचे जवळजवळ २३ होतात! तरी दुकानात विचलन कुणी विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

झीज न होता अचानक बंद पडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांना मात्र ही घंटा लावू नका. तिथे बहुधा घातांकी वितरण वापरतात, म्हणजे भाग कितीही जुना असला तरी तो बंद पडण्याची शक्यता तेवढीच धरतात.